वळूची परीक्षा कुठल्या गोठ्यात?

इगतपुरीला पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर येवल्यात वर्षाचा मिळून पाचशे-सहाशे मिलिमीटर झाला तरी साल बरं गेलं म्हणतात. निफाडात डिसेंबरच्या पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात, तर मालेगावात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडून वर जातो. एका नाशिक जिल्ह्यात ही एवढी हवामानं आहेत. जनावरंही तशीच वाटली गेली आहेत. घाटमाथ्यावर डांगी, सिन्नर-निफाडकडे एचएफ (होल्स्टीन) आणि जर्सीच्या संकरित गाई, नांदगाव-येवल्याच्या माळावर मेंढ्या आणि संगमनेरी शेळ्या. ही वाटणी कुठल्या खात्याने केलेली नाही. ती पाऊस, चारा आणि बाजार यांनी मिळून केली आहे. जनुकं आणि वातावरण एकमेकांना कशी वागवतात, या प्रश्नावर जगभर पाऊणशे वर्षं संशोधन चालू आहे. त्याचा आढावा घ्यायला नाशिक म्हणूनच सोयीची जागा आहे.

प्रश्न कुठे अडतो ते कृत्रिम रेतनाच्या कांडीवर दिसतं. गाय माजावर आल्याचा फोन येतो, डॉक्टर दुचाकीवर येतात, उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमधून चिमट्याने पाव मिलिलिटरची कांडी काढतात आणि ३७ अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरतात. त्या बारीक नळीवर वळूचा क्रमांक, जात, तारीख आणि रेतन केंद्राचं नाव छापलेलं असतं. क्रमांकावरून केंद्राच्या पुस्तिकेत वळूच्या आईचं दूध सापडतं. वळूची परीक्षा झालेली असेल तर त्याच्या मुलींच्या दुधाचाही अंदाज मिळतो. त्या मुली कुठे बांधल्या होत्या, काय खात होत्या, उन्हाळ्यात त्यांच्या डोक्यावर पंखा होता की पत्रा, हे मात्र कांडीवर नसतं. बहुतेक वेळा पुस्तिकेतही नसतं.

वातावरणाचा परिणाम होतो हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. पेंड वाढवली की दूध वाढतं, हे गोठ्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. सगळ्याच गाईंचं दूध सारख्याच मापाने वाढणार असेल तर पैदासकाराला काळजीचं कारण नाही. पहिली गाय पहिलीच राहते आणि तिचाच वळू निवडायचा. भानगड सुरू होते ती क्रम बदलल्यावर. भरपूर मुरघास आणि फॉगर असलेल्या गोठ्यात पहिली येणारी गाय कडब्यावर आणि उन्हात तिसरी ठरते, आणि तिथली तिसरी इथे पहिली येते. या उलटापालटीला जनुक-वातावरण आंतरक्रिया म्हणतात. संशोधनाचा सगळा रोख ती मोजण्याकडे आहे.

मोजणी किती बिकट आहे ते जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४६ सालीच दाखवून दिलं. हेच हाल्डेन पुढे १९५७ मध्ये इंग्लंड सोडून भारतात आले, इथले नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. त्यांचं गणित साधं होतं. दोन प्रकारची जनावरं आणि दोन प्रकारची ठिकाणं घेतली तर कोण कुठे सरस ठरेल याच्या सहा तऱ्हा संभवतात. तीन आणि तीन घेतली की त्या १०,०८० होतात. डांगी, गीर आणि एचएफ संकरित या तीन गाई आणि इगतपुरी, निफाड, नांदगाव ही तीन ठिकाणं घ्या. दहा हजार शक्यतांपैकी खरी कोणती, ते मोजल्याशिवाय कळत नाही. पारावर बसून मात्र एका दमात सांगता येतं, आणि देशी विरुद्ध संकरित हा आपल्याकडचा वाद बहुधा तिथेच मिटवला जातो.

हाल्डेन यांच्या पुढच्याच वर्षी केंब्रिजचे जॉन हॅमंड यांनी एक सल्ला दिला. निवड नेहमी उत्तम परिस्थितीत करावी, कारण भरपूर खायला मिळालं तरच जनावराची अंगची कुवत दिसते. पटण्यासारखी गोष्ट होती, पण एडिंबराचे डग्लस फाल्कनर यांनी ती उंदरांवर तपासली. एका कळपाला पोटभर आणि दुसऱ्याला बेताचं खायला देऊन दोन्हींत मोठ्या अंगाचे उंदीर पिढ्यानपिढ्या निवडले. बेताच्या खाण्यावर निवडलेल्यांची वाढ भरपूर खाण्यावरही टिकली. भरपूर खाण्यावर निवडलेल्यांना टंचाईत आणलं तेव्हा त्यांची कमाई बरोबर आली नाही. फाल्कनर यांनी १९५२ मध्ये यावरून एक युक्ती सुचवली. दोन ठिकाणचं दूध हा एकच गुण न मानता ते दोन वेगळे गुण मानावेत आणि त्यांच्यातला जनुकीय सहसंबंध काढावा. तो १ च्या जवळ असेल तर एका ठिकाणची परीक्षा दुसरीकडे चालते. ॲलन रॉबर्टसन यांनी १९५९ मध्ये ०.८ ची खूण घातली. त्याच्या खाली गेलं की उलटापालट दुर्लक्ष करण्याजोगी राहत नाही. आजही शोधनिबंध उघडला की ही ०.८ ची रेघ समोर येतेच.

उंदरांवरून गाईंकडे यायला ऑस्ट्रेलियातल्या रॉकहॅम्प्टनचं उदाहरण चांगलं आहे. तिथे फ्रिश आणि व्हेर्को यांनी हिअरफर्ड-शॉर्टहॉर्न आणि ब्राह्मण या रक्ताची जनावरं शेजारी-शेजारी वाढवली. ब्राह्मण म्हणजे भारतातून गेलेल्या गाईंपासून तयार झालेली जात. गोचीड, जंत आणि ऊन असताना ब्राह्मण रक्ताची जनावरं पुढे गेली. औषधपाणी करून हा त्रास काढून टाकला तेव्हा युरोपीय रक्ताच्या जनावरांनी ती आघाडी पुसून टाकली. ब्राह्मणची वाढण्याची कुवत मुळात जास्त नव्हती. तिचं नुकसान कमी होत होतं, एवढंच. कुवत आणि सोस, म्हणजे सोसण्याची ताकद, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि वजनकाट्यावर त्या एकत्रच येतात, हा धडा तिथून मिळाला.

डांगी गाईबद्दल बोलताना हा फरक ध्यानात ठेवावा लागतो. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा, शेजारचं अकोले, घाटाखालचे जव्हार-मोखाडा आणि गुजरातचा डांग एवढा तिचा मुलूख. महादेव कोळी आणि ठाकर घरांतून ती सांभाळली गेली. अंगावर पांढऱ्यात काळे किंवा तांबडे ठिपके-पट्टे असतात आणि त्यांच्या कमी-जास्त प्रमाणावरून पारा, बहाळा, मणेरी, खैरा अशी नावं पडली आहेत. खूर काळे आणि टणक. कातडीतून तेलकट स्राव येतो, त्यामुळे पावसाचं पाणी अंगात मुरत नाही, निथळून जातं. भाताच्या चिखलणीत बैल दिवसभर गुडघाभर गाळात असतो आणि वरून धार लागलेली असते. अशा दिवसांत संकरित जनावराचे खूर नरम पडतात, फटींत कुजतात, अंगाला बुरशी धरते. डांगी बैल संध्याकाळी गोठ्यात येऊन चारा खातो.

दुधाच्या रकान्यात हीच गाय नापास होते. एका वेताला सरासरी पाचशे लिटरच्या आसपास दूध, म्हणजे चांगली संकरित गाय महिना-दीड महिन्यात देईल तेवढं. सरकारी तक्त्यात दूध हाच रकाना पहिला असल्यामुळे डांगीला कायम खालची जागा मिळते. घोटी आणि राजूरच्या प्रदर्शनांत पंच वेगळंच पाहतात. कातडीची चमक, खुरांचा टणकपणा, वशिंड, चाल. तिथे दिलेले गुण त्या डोंगरातल्या वातावरणासाठीचे गुण असतात. त्यांना संख्याशास्त्राची जोड नाही, पण निवड योग्य ठिकाणी होते आहे. हॅमंडपेक्षा राजूरचे पंच फाल्कनरच्या जवळचे, असं म्हणायला हरकत नाही.

आता तो तेलकट स्राव. तो जातीचा की पावसाचा? उत्तर काढायची रचना कागदावर तरी सोपी आहे. एकाच डांगी वळूच्या कालवडी घ्यायच्या, अर्ध्या इगतपुरीत वाढवायच्या आणि अर्ध्या येवल्यात. सोबत दोन्हीकडे तेवढ्याच संकरित कालवडी ठेवायच्या. डांगीला दोन्हीकडे सारखाच स्राव आला तर तो गुण निखळ जनुकांचा. इगतपुरीत सगळ्यांनाच वाढला तर तो हवेचा. डांगीचा स्राव फक्त पावसात वाढला आणि संकरितचा कुठेच हलला नाही, तर ती खरी आंतरक्रिया, म्हणजे पावसाला उत्तर देण्याची क्षमताच जातीत आलेली. तिन्ही निकालांचे अर्थ पैदाशीसाठी वेगवेगळे निघतात. पहिल्यात सपाटीवरच्या सुक्या गोठ्यात बसूनही चांगला डांगी वळू निवडता येईल. तिसऱ्यात तो घाटावरच निवडावा लागेल, कारण खाली त्याचा गुण दिसणारच नाही.

संकरित गाईंचा इतिहास महाराष्ट्रातच घडला. महात्मा गांधींचे सहकारी मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचनला बायफ स्थापन केली आणि गोठवलेलं रेत शेतकऱ्याच्या दारात नेलं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने फुले त्रिवेणी तयार केली, ती निम्मी होल्स्टीन, पाव जर्सी, पाव गीर. सिन्नर, संगमनेर, राहाता या पट्ट्यातल्या दुधाच्या टँकरमागे ही कामं उभी आहेत. २०१९ च्या पशुगणनेत देशात १९ कोटींवर गाई-बैल मोजले गेले. त्यांत विदेशी आणि संकरित ५ कोटींच्या वर होते आणि त्यांची संख्या वाढली होती. देशी मात्र आधीच्या गणनेपेक्षा सुमारे सहा टक्क्यांनी घटले.

किती रक्त विदेशी असावं, हा त्यातला जुना प्रश्न. कनिंगहॅम आणि सिर्स्टाड यांनी १९८७ मध्ये जागतिक अन्न व कृषी संघटनेसाठी उष्ण प्रदेशांतल्या संकराच्या नोंदी एकत्र केल्या. विदेशी रक्त निम्म्यापर्यंत नेलं तोवर दूध जवळजवळ सरळ रेषेत वाढत गेलं. त्यापुढे हाती फारसं काही लागलं नाही. निम्मे-निम्मे आपसात लावले की पुढच्या पिढीत संकराचा जोम उतरतो, हेही दिसलं. तरी गावागावांत विदेशी रक्त पाऊण आणि त्याच्याही पुढे गेलं. याला शेतकऱ्याचा हट्ट म्हणणं अन्यायाचं होईल. दूध लिटरवर विकलं जातं, कांडी स्वस्त मिळते, आणि ज्याने मुरघासाचा खड्डा, मुक्त गोठा, पंखे यांत पैसे घातले त्याच्या गोठ्यात पाऊण रक्ताची गाय खरोखरच जास्त दूध देते. त्याने वातावरण बदललं म्हणून जनुकाचं मोल बदललं. हिशेब चुकतो तो शेजाऱ्याचा. तो तीच कांडी भरतो, पण त्याच्याकडे पत्र्याची शेड आणि उसाचे वाढे असतात. गाय उलटते, दोन-तीनदा भरावी लागते, भाकड काळ लांबतो. तक्त्यात हे नुकसान दुधाच्या रकान्याबाहेर पडतं.

उन्हाच्या अभ्यासात गेल्या पंचवीस वर्षांत सगळ्यात जास्त हालचाल झाली. तापमान आणि आर्द्रता मिळून एक निर्देशांक काढतात. तो ७२ च्या वर गेला की दुभत्या होल्स्टीनला त्रास सुरू होतो, असं जुन्या अभ्यासांत धरलं होतं. जास्त दुधाच्या गाईंसाठी नव्या अभ्यासांनी ती रेघ ६८ पर्यंत खाली आणली. एप्रिलच्या दुपारी ३८ अंश आणि २५ टक्के आर्द्रता असेल तर निर्देशांक ८३ च्या घरात जातो. इगतपुरीत जुलैमध्ये २४ अंश आणि ९५ टक्के आर्द्रता धरली तरी तो ७५ च्या आसपास येतो. माणसाला स्वेटर आठवेल अशा हवेत, हिशेबाने पाहिलं तर, होल्स्टीनसाठी उन्हाळा चालू असतो. अर्थात हा निर्देशांक अंगावर पडणारा पाऊस आणि वारा धरत नाही, त्यामुळे घाटावर तो जसाच्या तसा वापरू नये.

अमेरिकेत इग्नेसी मिस्टाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली एक हुशारी केली. गाईंना मुद्दाम तापवत बसण्याऐवजी त्यांनी दूध नोंदींना जवळच्या हवामान केंद्राच्या नोंदी जोडल्या. निर्देशांक चढत जाईल तसं कुठल्या वळूच्या मुलींचं दूध किती झपाट्याने घसरतं, त्याची रेष प्रत्येक वळूसाठी काढली. रेषेची उंची म्हणजे दुधाची कुवत आणि तिचा उतार म्हणजे उन्हाचा सोस. गैरसोयीची गोष्ट अशी निघाली की दोन्हींचं आपसात पटत नाही. नुसतं दूध पाहून निवड करत गेलं तर सोस हळूहळू कमी होतो. ऑस्ट्रेलियाने हेच तंत्र व्यवहारात आणलं आणि २०१७ च्या अखेरीस तिथल्या शेतकऱ्यांना वळूंचे उष्णता-सहनशीलतेचे आकडे मिळू लागले. त्यासाठी लागलं काय? वर्षानुवर्षांच्या दूध नोंदी आणि सार्वजनिक हवामान केंद्रं. नवं यंत्र एकही नाही.

कॅरिबियन बेटांवरच्या सेनेपोल गाईंमध्ये वेगळीच गोष्ट सापडली. तिथे प्रोलॅक्टिनच्या ग्राहकाचं जनुक मध्येच तुटलेलं आहे. त्यामुळे अंगावरचे केस आखूड आणि गुळगुळीत होतात आणि उन्हात शरीराचं तापमान कमी चढतं. हा बदल होल्स्टीनमध्ये संकराने उतरवला गेला आहे. जनुक-संपादनाने तो आणलेल्या मांसाच्या जनावरांना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ मध्ये कमी धोक्याचं ठरवलं. एका जनुकाने उन्हाचा प्रश्न सुटेल अशी चर्चा त्यातून सुरू झाली, पण ती पुरती खरी नाही. वशिंडाच्या गाईंचा सोस घामाच्या ग्रंथी, कातडी, शरीरातली कमी उष्णता-निर्मिती, पेशींची तापात टिकण्याची ताकद अशा कितीतरी ठिकाणी विखुरलेला आहे. त्यातलं एक टोक धरून ओढल्याने सगळं बरोबर येत नाही.

पोटातल्या वासराचं काय? फ्लोरिडा विद्यापीठात जेफ्री डाल यांच्या गटाने गाभण गाईंचे शेवटचे भाकड आठवडे तपासले. काही गाईंना पंखे-फवारे दिले, काहींना फक्त सावली. सावलीतल्या गाईंच्या कालवडी जन्मतः हलक्या होत्या. पुढे त्या स्वतः व्यायल्या तेव्हा पहिल्या वेतात रोज सुमारे ५ किलो दूध कमी दिलं, आणि त्या तोवर इतरांसारख्याच वाढवल्या होत्या. नंतरच्या अभ्यासात हा परिणाम नातीपर्यंत दिसला. जनुकांची अक्षरं बदलत नाहीत, ती कुठे वाचायची आणि कुठे मिटून ठेवायची याच्या खुणा बदलतात. नाशिकच्या हिशेबात याचा अर्थ असा की मे-जूनमध्ये विणारी गाय मार्च-एप्रिलच्या उन्हात भाकड असते आणि भाकड गाय गोठ्याच्या वाईट कोपऱ्यात बांधायची रीत आहे. पंखा दुभत्या गाईवर लावतात. वळू निवडायला हजारो रुपये खर्चून कालवड पोटातच मागे पडत असेल, तर दोष वळूच्या नावावर जातो.

रोगांच्या बाबतीत उदाहरणं मुबलक आहेत, एकच पुरे. गोचिडांतून पसरणाऱ्या थायलेरियाच्या तापाने संकरित गाई पटापट आडव्या होतात, हे प्रत्येक पशुवैद्यक सांगेल. एडिंबराजवळ एलिझाबेथ ग्लास यांच्या गटाने २००५ मध्ये होल्स्टीन आणि साहिवाल वासरांना तोच रोगजंतू तेवढ्याच मात्रेत दिला. दोघांनाही लागण झाली, पण साहिवालची शरीरं जळजळीची प्रथिनं मोजून-मापून सोडत राहिली आणि होल्स्टीनची भडकली. देशी गाईला रोग होत नाही, हा समज त्यामुळे सुधारून घ्यावा. रोग होतो, उत्तर वेगळं दिलं जातं.

गाईंच्या बाहेर पाहायचं तर फलटणचं काम महाराष्ट्राने अधिक अभिमानाने सांगायला हवं. बंगालच्या सुंदरबनातली गरोळे मेंढी चणीने लहान, पण एका वेळी दोन-तीन कोकरं देते. १७९२-९३ मध्ये बंगालच्या मेंढ्या जहाजाने ऑस्ट्रेलियाला गेल्या. दीडशे वर्षांनी न्यू साउथ वेल्समधल्या बुरुला नावाच्या फार्मवरच्या मेरिनो मेंढ्यांत जुळ्या-तिळ्यांची भरमार दिसू लागली, तिचा माग पुढे त्या बंगाली मेंढ्यांपर्यंत लागला. २००१ मध्ये त्यामागचा एकच जनुकबदल सापडला. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गरोळेतलं हे जनुक दख्खनी मेंढीत उतरवून 'नारी सुवर्णा' तयार केली.

इथे वातावरणाचा प्रश्न ऐन मध्यभागी येतो. दख्खनी मेंढी सहसा एकच कोकरू देते, कारण माळावर रोज मैलोन्‌मैल चालणाऱ्या आईला त्याहून जास्त पाजणं परवडत नाही. दिवाळीनंतर वाडे घेऊन घाट उतरणाऱ्या धनगराला तिळी कोकरं म्हणजे ओझंच. ऑस्ट्रेलियात गवताळ कुरणावर या जनुकाची एक प्रत मिळालेल्या मेरिनोंना तिळी सहज होत. दख्खनी मेंढीत एका प्रतीचा परिणाम मवाळ निघाला. जुळी बरीच, तिळी थोडीच. जनुक तेच, अंग आणि चारा वेगळा, म्हणून परिणाम वेगळा, आणि नशिबाने सोयीचा. चंदा निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेच्या फार्मवर न थांबता मेंढपाळांच्या कळपांत मोजणी केली, म्हणूनच हे कळलं. दुहेरी प्रत टाळायची आणि जुळ्यांच्या आईला थोडा खुराक द्यायचा, हा व्यवहारही त्या मोजणीतून आला.

परीक्षा एका ठिकाणी आणि वापर दुसरीकडे, ही चूक श्रीमंत देशांत झाली नाही असं नाही. आयर्लंडमध्ये गवतावर दूध काढतात, पण वीसेक वर्षं त्यांनी गोठ्यात धान्य खाऊन दूध देणाऱ्या उत्तर अमेरिकी होल्स्टीनचं रेत वापरलं. दूध वाढलं आणि गाई गाभण राहीनाशा झाल्या. मूरपार्क संशोधन केंद्रात न्यूझीलंडच्या आणि उत्तर अमेरिकी वंशाच्या गाई तीन प्रकारच्या चाऱ्यावर शेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा गवतावर न्यूझीलंडचा वंश वेळेवर गाभण राहताना दिसला आणि जास्तीच्या खुराकाला अमेरिकी वंशाने दुधात अधिक उत्तर दिलं. त्या देशाने वळू निवडायचा निर्देशांकच बदलला आणि गाभण राहण्याला मोठा वाटा दिला.

ब्राझीलची गीर आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते. भावनगरच्या महाराजांकडचा कृष्णा हा वळू १९६०च्या सुमारास सेल्सो गार्सिया सिड यांनी तिकडे नेला, वगैरे. कथा खरी आहे. तिच्यातला कमी सांगितला जाणारा भाग असा की ब्राझीलने १९८५ पासून गीर वळूंची मुलींच्या दुधावरून राष्ट्रीय परीक्षा चालवली. रक्त आपण दिलं आणि वही त्यांनी ठेवली. आता ब्राझीलची गीर परत आणायची भाषा होते, तेव्हा विचारायला हवं की तिथल्या कुरणावर आणि तिथल्या खुराकावर पहिला आलेला वळू सिन्नरच्या कडब्यावर कितवा येईल. कदाचित पहिलाच येईल. ०.८ च्या वर आहोत की खाली, एवढंच तर पाहायचं आहे.

शेवटचा मोठा टप्पा जनुकीय चिपचा. २००१ मध्ये म्यूविसेन, हेज आणि गॉडार्ड यांनी दाखवलं की जनुकसंचावर पसरलेल्या हजारो खुणा एकदम वाचून कालवडीची कुवत तिच्या जन्मालाच आजमावता येते. भारतात हैदराबादच्या राष्ट्रीय पशु जैवतंत्रज्ञान संस्थेने २०२१ मध्ये 'इंडिगौ' चिप आणली. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीममध्ये पंतप्रधानांच्या हस्ते गाईंसाठी 'गौ चिप' आणि म्हशींसाठी 'महिष चिप' यांचं उद्घाटन झालं. चिप आल्यामुळे एक जुनी अडचण खरंच सुटते. आपल्याकडे एका घरी दोन-तीन गाई असतात. गाय चांगली की मालक चांगला, हे एवढ्याशा गोठ्यात वेगळं काढता येत नाही आणि गाईचा बाप कोण याची नोंद बऱ्याचदा नसते. चिप नातं स्वतः वाचते. नाशिकमधली गाय आणि साताऱ्यातली गाय एकाच वळूच्या मुली आहेत हे कळलं, की दोन गोठ्यांची तुलना करता येते. बायफने ऑस्ट्रेलियाच्या न्यू इंग्लंड विद्यापीठाबरोबर याच वाटेने छोट्या गोठ्यांतल्या संकरित गाईंचं मूल्यांकन केलं आहे, आणि आफ्रिकेतही तसेच प्रयत्न चालू आहेत.

पण अंदाजाच्या समीकरणाची फक्त उजवी बाजू चिप वाचते. डावीकडे दूध लागतं. कुठल्या तारखेला, कुठल्या गोठ्यात, काय खाऊन, किती निघालं. कानातल्या बाराअंकी बिल्ल्यामुळे गाईची ओळख मिळाली आहे, हवामान केंद्रं तालुक्यांत आहेत, डेअरीत फॅट-एसएनएफ रोज मोजलं जातं. ते मोजमाप घराच्या बरणीचं असतं, गाईचं नसतं, एवढी एक फट राहते. महिन्यातून एकदा गाईपाशी उभं राहून सकाळ-संध्याकाळची धार मोजणारा माणूस ही फट बुजवतो. त्याच्या पगारावर कुठलीही फीत कापता येत नाही, म्हणून चिपला जसा निधी मिळतो तसा त्याला मिळत नाही. आंतरक्रियेच्या संशोधनाचा आजचा खरा अडसर इथे आहे.

डांगीपुढे अडसर दुहेरी आहे. चिपची चर्चा गीर, साहिवाल, कांकरेज, ओंगोल या जातींच्या नावाने होते, कारण त्यांच्यामागे दुधाच्या नोंदी आहेत. डांगीच्या बाबतीत नोंदवायचा गुणच मुळात दूध नव्हे. चिखलात किती तास चालला, किती पावसाळे खूर टिकले, दुष्काळी साली किती वासरं जगली, हे मोजायचं आहे आणि त्यासाठी नोंदवहीचे रकानेच वेगळे आखावे लागतील. शिवाय वातावरणही स्थिर नाही. पॉवर टिलर भाताच्या खाचरात उतरल्यापासून चिखलणीच्या बैलाची मागणी घटते आहे, आणि ज्या परीक्षेत डांगी पहिली येत होती ती परीक्षाच कमी वेळा होते. इगतपुरीत आणि पेठला तरी पाऊस तेवढाच आहे. तिथल्या दूध संकलन केंद्रांवर संकरित गाईंचं दूध येऊ लागलं आहे. एकाच गावात, एकाच पावसात दोन्ही जाती उभ्या असताना त्यांची सलग पाच-सात वर्षं नोंद ठेवायची संधी आजच्यासारखी पुन्हा मिळेलच असं नाही.